ग्रीन कार्डची रांग नेमकी कुठे अडते?

दर महिन्याच्या साधारण मध्याला अमेरिकेचे परराष्ट्र खाते ‘व्हिसा बुलेटिन’ प्रसिद्ध करते. पत्रक काही पानांचेच, पण न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत, आणि इकडे कोथरूड, डोंबिवली, नाशिकपर्यंत हजारो मराठी घरांत त्यातला एकच रकाना वाचला जातो: ‘इंडिया’. ऑक्टोबर २०२५च्या बुलेटिनमध्ये नोकरीच्या आधारावरच्या ग्रीन कार्डांतल्या ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या वर्गासाठी त्या रकान्यात तारीख होती १ एप्रिल २०१३. ईबी-३ साठी २२ ऑगस्ट २०१३. म्हणजे ज्यांची फाइल या तारखांच्या आधी सुरू झाली, त्यांनाच त्या महिन्यात ग्रीन कार्ड मिळू शकत होते. त्याच तक्त्यात बहुतेक देशांसाठी ईबी-२ची तारीख होती १ डिसेंबर २०२३. एका कंपनीत, एकाच कामावर, एकाच पगारावर असलेल्या दोघांपैकी एकाला दोन वर्षे थांबावे लागत होते आणि दुसऱ्याला साडेबारा. फरक फक्त जन्म कुठे झाला याचा.

या प्रतीक्षेबद्दल बोलताना दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक दिरंगाई कार्यालयातली: अर्ज टेबलावर पडून राहतो, महिने जातात. दुसरी अडवणूक कायद्यातली: अर्ज मंजूर असतो, पण वाटायला क्रमांकच शिल्लक नसतो. पहिलीवर जादा शुल्क, जादा कर्मचारी, संगणक हे उपाय आहेत. दुसरीवर कायदा बदलण्यावाचून उपाय नाही. आपल्याकडे ‘प्रोसेसिंगला वेळ लागतोय’ असे सरसकट म्हटले जाते. भारतीयांच्या बाबतीत बराचसा वेळ प्रोसेसिंगचा नसतोच, हे आधी नीट समजून घ्यायला हवे.

कागदाचा प्रवास

नोकरीच्या आधारावरचे ग्रीन कार्ड बहुतेकांच्या बाबतीत तीन टप्प्यांत मिळते. पहिला टप्पा कामगार खात्याचा, ज्याला सगळे ‘पर्म’ म्हणतात. ही पद्धत मार्च २००५मध्ये सुरू झाली. कंपनीने आधी त्या पदासाठी त्या भागात प्रचलित असलेला पगार खात्याकडून ठरवून घ्यायचा. मग जाहिराती द्यायच्या, दोन रविवारच्या वर्तमानपत्रांतही. पात्र अमेरिकन उमेदवार मिळत नाही हे कागदोपत्री सिद्ध करायचे आणि अर्ज करायचा. अर्ज दाखल झाला ती तारीख म्हणजे ‘प्रायॉरिटी डेट’. पुढची कित्येक वर्षे या तारखेवरच सगळे ठरते. २०२४-२५मध्ये पगारनिश्चितीला सुमारे सहा महिने आणि त्यानंतर पर्मच्या निकालाला सव्वा वर्षाहून अधिक काळ लागत होता. जाहिरातींचे दोन-तीन महिने धरले, तर पहिल्याच टप्प्यात दोन वर्षे जातात.

दुसरा टप्पा आय-१४०, म्हणजे कंपनीची याचिका. जादा शुल्क भरून ‘प्रीमियम’ घेतले तर तिचा निकाल कामकाजाच्या १५ दिवसांत लागतो. तिसरा टप्पा आय-४८५, म्हणजे प्रत्यक्ष कायम वास्तव्याचा अर्ज. तो आपली तारीख ‘करंट’ झाल्याशिवाय भरताच येत नाही. २०१५च्या ऑक्टोबरपासून बुलेटिनमध्ये दोन तक्ते येतात: अर्ज कधी भरता येईल याचा एक आणि कार्ड कधी मिळेल याचा दुसरा. पहिल्यात तारीख लागली की निदान अर्ज आत जातो आणि त्याच्या आधारावर स्वतंत्र वर्क परमिट म्हणजे ईएडी, आणि प्रवासासाठी ‘अ‍ॅडव्हान्स पॅरोल’ मिळू शकतो.

पहिल्या दोन टप्प्यांतला विलंब जगातल्या सगळ्या अर्जदारांना सारखाच भोगावा लागतो. भारतीयांची खरी प्रतीक्षा सुरू होते ती आय-१४० मंजूर झाल्यानंतर. सरकारने ‘तुम्ही पात्र आहात’ असे लेखी सांगितल्यावर एक तप उलटते.

रांग कायद्यात कशी शिरली

३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. त्याआधीचा कायदा युरोपीय, त्यातही उत्तर युरोपीय वंशाला झुकते माप देणारा होता आणि आशियाई माणसाला जवळजवळ दार बंद होते. नव्या कायद्याने वंशावर आधारलेले कोटे मोडले आणि कोणत्याही एका देशाला फार मोठा वाटा जाऊ नये म्हणून देशागणिक कमाल मर्यादा घातली. सत्तरच्या दशकात मुंबई-पुण्याहून गेलेले डॉक्टर आणि इंजिनिअर याच कायद्यामुळे जाऊ शकले. म्हणजे देशागणिक मर्यादा आली ती भेदभाव मोडणाऱ्या कायद्याचा भाग म्हणून.

नोव्हेंबर १९९०मध्ये थोरले जॉर्ज बुश अध्यक्ष असताना आजची चौकट आली. नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डे आणि कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ढोबळमानाने भारताच्या वाट्याला वर्षाला ९,८०० येतात आणि त्यातले ईबी-२चे जेमतेम २,८००. शिवाय या आकड्यात पती, पत्नी आणि मुलेही मोजली जातात. चौघांच्या कुटुंबाला चार क्रमांक लागतात. एकूण १,४०,००० पैकी निम्म्याहून अधिक कार्डे कुटुंबीयांना जातात, प्रत्यक्ष नोकरी करणाऱ्याला नव्हे.

प्रत्येक गावाला एसटीत सारख्याच जागा राखून ठेवाव्यात, मग ते गाव पाचशे वस्तीचे असो की पाच लाखांचे, तसा हा नियम आहे. आइसलँडला जी कमाल मर्यादा, तीच भारताला. एखाद्या वर्गात इतर देशांच्या जागा उरल्या तर त्या जुन्या तारखांच्या क्रमाने पुढे दिल्या जातात. त्यामुळे काही वर्षे भारताची तारीख झपाट्याने सरकली. पण उरलेले मिळणे हा हक्क नव्हे. ते कधी मिळते, कधी नाही.

याच १९९०च्या कायद्याने आजचा एच-१बी व्हिसाही आणला. त्याची आजची मर्यादा वर्षाला ८५,००० आहे: ६५,००० सर्वसाधारण आणि २०,००० अमेरिकेत पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी. इथे देशागणिक मर्यादा नाही, आणि अलीकडच्या वर्षांत मंजूर झालेल्या अर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक भारतीयांचे आहेत. तात्पुरत्या कामासाठी वर्षाला हजारो भारतीयांना बोलवायचे आणि कायम राहण्यासाठी मूठभर जागा ठेवायच्या, या एकाच कायद्यातल्या दोन कलमांच्या विसंगतीतून ही रांग तयार झाली.

किती मोठी? अमेरिकी काँग्रेसच्या संशोधन विभागाने मार्च २०२०मध्ये हिशेब मांडला: त्या वेळी ईबी-२च्या रांगेत नव्याने उभ्या राहणाऱ्या भारतीयाला १९५ वर्षे लागतील. केटो इन्स्टिट्यूट या धोरण-अभ्यास संस्थेचे डेव्हिड बीर यांनी २०२३मध्ये नोकरीच्या आधारावरची एकूण रांग १८ लाखांची असल्याचे दाखवले. त्यात सुमारे ११ लाख भारतीय होते आणि नव्या भारतीय अर्जदाराची प्रतीक्षा १३४ वर्षांची निघत होती. पद्धती वेगळ्या म्हणून आकडे वेगळे, पण निष्कर्ष एकच: आज नव्याने रांगेत उभ्या राहणाऱ्याच्या हयातीत हा हिशेब जुळत नाही.

एक बारकावा गोव्याच्या वाचकांनी ध्यानात घ्यावा. इथे नागरिकत्व मोजत नाहीत, जन्मस्थान मोजतात. मडगावात जन्मलेल्या माणसाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, तरी त्याची गणना भारताच्याच रकान्यात होते. उलट आईवडील नोकरीनिमित्त कुवेतमध्ये असताना तिथे जन्मलेला मुलगा भारतीय नागरिक असूनही कुवेतच्या कोट्यात बसतो, आणि भारतात जन्मलेल्या त्याच्या पत्नीलाही त्याचा कोटा वापरता येतो.

तारीख मागे जाते तेव्हा

रांग संथ असली तरी पुढे सरकते, असे बाहेरच्याला वाटते. तसे नाही. सप्टेंबर २०२२मध्ये भारताची ईबी-२ची तारीख १ डिसेंबर २०१४पर्यंत आली होती. पुढच्याच महिन्यात ती १ एप्रिल २०१२वर गेली, डिसेंबरमध्ये ८ ऑक्टोबर २०११वर आणि एप्रिल २०२३मध्ये १ जानेवारी २०११वर. सात महिन्यांत जवळजवळ चार वर्षे मागे. याला ‘रेट्रोग्रेशन’ म्हणतात. फेब्रुवारी २०१४ची प्रायॉरिटी डेट असलेला माणूस सप्टेंबर २०२२मध्ये ‘करंट’ होता. त्या महिनाअखेरपर्यंत त्याच्या फाइलवर मंजुरीचा शिक्का पडला नसेल, तर तीन वर्षांनंतर, ऑक्टोबर २०२५मध्येही त्याची तारीख आलेली नव्हती.

त्या आधीच्या वर्षी याहून मोठा घाव बसला. करोनाकाळात वकिलाती बंद असल्याने कौटुंबिक वर्गातली कार्डे उरली आणि नियमाप्रमाणे पुढच्या वर्षी नोकरीच्या वर्गात आली. त्यामुळे २०२१च्या आर्थिक वर्षात १,४०,००० ऐवजी सुमारे २,६२,००० कार्डे उपलब्ध होती. पण स्थलांतर कार्यालयाला ती वेळेत वाटता आली नाहीत आणि ३० सप्टेंबरला वर्ष संपले तेव्हा ६६ हजारांहून अधिक क्रमांक वाया गेले. न वापरलेला क्रमांक नोकरीवाल्यांच्या रांगेत परत येत नाही. कायद्याची अडवणूक आणि कार्यालयाची दिरंगाई एकत्र आली की काय होते, याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण.

या रांगेच्या इतिहासात लोकांनी एकदा निर्णय फिरवायलाही लावला आहे. जुलै २००७च्या बुलेटिनने जवळजवळ सर्व वर्ग ‘करंट’ जाहीर केले. लोकांनी सुट्ट्या रद्द केल्या, वैद्यकीय तपासण्या उरकल्या, लस घेतली, वकिलांचे पैसे भरले, कागद कुरिअर केले. २ जुलैला परराष्ट्र खात्याने सांगितले की क्रमांक संपले, आणि स्थलांतर सेवेने अर्ज घेणे नाकारले. त्यावर ‘इमिग्रेशन व्हॉइस’ या संघटनेशी जोडलेल्या भारतीयांनी आदल्याच वर्षी आलेल्या ‘लगे रहो मुन्नाभाई’तला गांधीगिरीचा मार्ग धरला. १० जुलैला वॉशिंग्टनमध्ये स्थलांतर सेवेचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या कार्यालयात शेकडो पुष्पगुच्छ पोहोचले. त्यांनी ती फुले वॉल्टर रीड आणि बेथेस्डाच्या लष्करी रुग्णालयांतल्या जखमी सैनिकांकडे पाठवली. त्याच आठवड्यात शनिवारी सॅन होजेत मोर्चा निघाला. १७ जुलैला निर्णय फिरला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले. त्या एका महिन्यात अर्ज केलेल्यांना ईएडी मिळाले. कार्ड यायला पुढे वर्षे लागली, तरी हातात मोकळीक आली.

वर्क परमिटवरचे आयुष्य

एच-१बी मुळात सहा वर्षांचा. रांग त्याहून लांब झाल्यावर २००० सालच्या कायद्याने आय-१४० मंजूर असलेल्यांना तीन-तीन वर्षांची मुदतवाढ दिली. त्यामुळे माणसे राहू शकली, पण कायमची तात्पुरती. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी कंपनी शोधायची किंवा देश सोडायचा. २०२२-२३च्या लेऑफच्या लाटेत घराचे हप्ते भरणारी, मुले शाळेत असलेली कुटुंबे या ६० दिवसांच्या मोजणीत अडकली. नोकरी बदलली की पर्म पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. जुनी तारीख टिकते, पण नव्या कंपनीला ती उस्तवार करायची नसेल तर बढती, पगारवाढ, शहर बदलणे, स्वतःचा व्यवसाय, सगळे पुढे ढकलले जाते.

जोडीदाराची गोष्ट याहून कठीण. एच-१बीधारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर वर्षानुवर्षे नोकरीची मुभाच नव्हती. मे २०१५पासून, आय-१४० मंजूर असलेल्यांच्या जोडीदाराला ईएडी मिळू लागले. त्याचा लाभ मुख्यतः भारतीय स्त्रियांना झाला. सीओईपी किंवा व्हीजेटीआयमधून इंजिनिअर झालेली, लग्नानंतर सात-आठ वर्षे घरी बसलेली मुलगी पुन्हा कामाला लागली. पण परवान्याचे नूतनीकरण वेळेत झाले नाही की नोकरी थांबे. २०२२पासून नूतनीकरण प्रलंबित असताना जुना परवाना ५४० दिवस आपोआप चालू राहण्याची सोय होती. ३० ऑक्टोबर २०२५पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी ती स्वयंचलित मुदतवाढ बंद झाली. इथे विलंब पूर्णपणे कार्यालयाचा आहे आणि त्याची शिक्षा मात्र अर्जदाराला.

सारे काही एका माणसाच्या व्हिसावर टांगलेले असणे म्हणजे काय, हे फेब्रुवारी २०१७मध्ये साऱ्या देशाने पाहिले. कॅन्ससमधल्या ओलेथ येथे श्रीनिवास कुचीभोतला या अभियंत्याची वांशिक द्वेषातून हत्या झाली आणि त्यांच्या पत्नी सुनयना दुमला यांचा अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर आधारच त्याच क्षणी संपला. लोकप्रतिनिधींनी लक्ष घातल्यावर त्यांना परतता आले. ज्यांची बातमी होत नाही, त्यांच्यासाठी असे कोणी धावत नाही.

मायदेशी येणेही सोपे नाही. पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का, ज्याला सगळे ‘स्टॅम्पिंग’ म्हणतात, तो घ्यायला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीची तारीख मिळावी लागते. डिसेंबर २०२५मध्ये समाजमाध्यमांच्या तपासणीचा नवा नियम आला आणि ठरलेल्या मुलाखती महिनोन्‌महिने पुढे गेल्या. सुट्टीवर आलेले लोक इथेच अडकले. वडील अतिदक्षता विभागात असताना ‘निघू की नको’ असा विचार करावा लागणे, ही या रांगेची आकड्यांत न मावणारी किंमत आहे.

मुलांचे वय थांबत नाही

सर्वांत मोठा अन्याय मुलांवर होतो. मूल २१ वर्षांचे झाले की ते आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. याला ‘एज आउट’ म्हणतात. २००२च्या बालक संरक्षण कायद्याने थोडा दिलासा दिला: तारीख लागेल त्या दिवशीच्या वयातून आय-१४० जितका काळ प्रलंबित होता तितका काळ वजा करायचा. आता एक उदाहरण घेऊ. मार्च २००७मध्ये पुण्यात जन्मलेली मुलगी चौथ्या वर्षी टेक्ससला गेली. वडिलांची प्रायॉरिटी डेट जून २०१६. त्यांनी जादा शुल्क भरून आय-१४० पंधरा दिवसांत मंजूर करून घेतला. मार्च २०२८मध्ये ती २१ची होईल आणि तिच्या वयातून वजा होतील फक्त ते पंधरा दिवस. कार्यालयाने दोन वर्षे लावली असती तर तिला दोन वर्षे मिळाली असती. ज्या वडिलांनी पैसे भरून काम लवकर करून घेतले, त्यांच्या मुलीचे त्यातच नुकसान झाले.

वयाची मोजणी बुलेटिनच्या कोणत्या तक्त्यावरून करायची, यावरही धोरण बदलत राहिले. फेब्रुवारी २०२३मध्ये अर्ज भरण्याच्या, म्हणजे पुढच्या तारखांचा तक्ता धरायचे ठरले. १५ ऑगस्ट २०२५पासून पुन्हा अंतिम मंजुरीचा, म्हणजे मागच्या तारखांचा तक्ता लागू झाला. ती मुलगी मग काय करेल? विद्यार्थी व्हिसा घेईल, परदेशी विद्यार्थ्याची फी भरेल, लॉटरीत एच-१बी लागला तर नव्याने प्रयत्न करेल. अमेरिकेत जन्मलेला तिचा धाकटा भाऊ मात्र जन्मतः नागरिक. एकाच घरात दोन भविष्ये.

सुधारणा कुठे अडली

देशागणिक मर्यादा काढावी, असे विधेयक प्रतिनिधिगृहात २०११मध्ये ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झाले. सिनेटमध्ये अडले. जुलै २०१९मध्ये पुन्हा ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले. डिसेंबर २०२०मध्ये सिनेटनेही एकमताने मंजूर केले, पण वेगळ्या मसुद्यात. दोन्ही मसुदे जुळवण्याआधी सभागृहाची मुदत संपली. डिसेंबर २०२२मध्ये त्याच धर्तीचे ‘ईगल’ विधेयक मतदानाला येता येता मागे घेतले गेले.

विरोधाचे मुद्दे समजून घ्यायला हवेत. एकूण संख्या १,४०,००० च ठेवून फक्त मर्यादा काढली, तर पुढची काही वर्षे बहुतेक कार्डे भारतीयांना जातील आणि फिलिपिन्सच्या नर्सपासून नायजेरियाच्या संशोधकापर्यंत इतरांची वाट लांबेल. हे खरे आहे. पर्ममधल्या जाहिराती केवळ औपचारिकता ठरतात, हा आक्षेपही निराधार नाही. अशा पदांसाठी अमेरिकन अर्जदारांना आडकाठी केल्याच्या आरोपावरून न्याय खात्याशी फेसबुकने २०२१मध्ये आणि अ‍ॅपलने २०२३मध्ये तडजोड केली. अ‍ॅपलची रक्कम होती अडीच कोटी डॉलर. म्हणून नुसती मर्यादा काढून भागणार नाही. कुटुंबीयांना मोजणीतून वगळणे आणि वाया गेलेले क्रमांक परत मिळवणे, या दोन गोष्टी केल्या तर कोणाच्याही ताटातले न काढता रांग आटोक्यात येते. सध्याचे वारे मात्र उलट दिशेने वाहते आहे. सप्टेंबर २०२५मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लागले.

इतर देशांनी वेगळे पर्याय काढले आहेत. कॅनडाच्या २०१५पासूनच्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’त वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांचे गुण मोजतात, जन्मदेश नाही. निवड झाली की सहा महिन्यांत निकालाचे उद्दिष्ट. तिथेही आता आकडे कमी होत आहेत आणि गुणांची पातळी चढली आहे, पण नकार लवकर कळतो. जर्मनीत ‘ब्लू कार्ड’धारकाला २७ महिन्यांत आणि भाषा बी-१ पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकते. तिथे मुदत अर्जदाराच्या प्रयत्नावर अवलंबून आहे.

माझे मत स्पष्ट आहे. कोणत्याही देशाला किती लोक घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार आहे. पण पात्र ठरवून, कर घेऊन, मुले वाढू देऊन, आणि निकाल मात्र आयुष्याच्या पलीकडे ढकलून माणसांना राबवून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. ‘नाही’ म्हणायचे तर वेळेत म्हणावे.

तोवर आपल्या हातात काही गोष्टी आहेत. अमेरिकेला निघालेल्या तरुणांनी पगाराइतकीच या रांगेची चौकशी करावी आणि ग्रीन कार्ड मिळणार नाही असे धरून दहा वर्षांचा बेत आखावा. रांगेत असलेल्यांनी आय-१४०ची प्रत स्वतःकडे ठेवावी, मुलांच्या वयाचा हिशेब चौदाव्या-पंधराव्या वर्षीच वकिलाकडून करून घ्यावा आणि ईएडीचे नूतनीकरण मुदत संपण्याच्या सहा महिने आधी, खिडकी उघडताच भरावे. मराठी मंडळांनी गणेशोत्सवाइतक्याच उत्साहाने दर वर्षी एक दिवस या विषयाच्या मोफत सल्ल्यासाठी राखून ठेवावा. आणि ज्यांना नागरिकत्व मिळाले आहे, मताचा हक्क आहे, त्यांनी आपल्या प्रतिनिधीला फोन करावा. रांगेत उभ्या असलेल्यांना मत नाही. तुम्हाला आहे.